हिरव्या शाईतला शेरा

कोथरूडच्या त्या खोलीत मी राहायला गेलो त्या सकाळी घरमालकांनी मला चहा विचारला नाही, पोच दिली. मी माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवली होती. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, खणातून रबरी शिक्का काढून तिच्यावर मारला, शिक्क्यातल्या मोकळ्या जागेत हिरव्या शाईने आवक क्रमांक घातला आणि मग एका पाठकोऱ्या चिठोऱ्यावर ‘कागद एक मिळाला’ असं लिहून, खाली सही करून ते माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हटलं, “काका, याची काय गरज?”

“मला नाही, तुम्हाला आहे. कागद माझ्याकडे आला. उद्या मी म्हटलं आलाच नाही, तर तुम्ही काय दाखवणार?”

मी ते चिठोरं खिशात घातलं. पुढे चार वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो आणि अशी चिठोरी खिशात घालत राहिलो.

काका एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून, म्हणजे जुनी दप्तरं ठेवतात त्या खोलीतून, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. सरकारात हिरवी शाई वापरायचा मान मोठ्या साहेबांचा. काका उभ्या नोकरीत निळ्या शाईच्या पुढे गेले नाहीत. पण आमच्या सोसायटीचे ते पस्तीस वर्षं मानद सचिव होते, आणि तिथे त्यांच्या वर कुणी नव्हतं. तिथे त्यांनी पहिल्या दिवसापासून हिरवी शाई धरली. सोसायटीत सोळा घरं. त्या सोळाही घरांत एकेक खण काकांच्या हिरव्या पोचांनी भरलेला असे. लग्नपत्रिका दिली तरी पोच. माझ्या आईने वर्ध्याहून लाडू पाठवले तेव्हा मी डबा नेऊन दिला, तर संध्याकाळी दाराखालून चिठोरं आलं: ‘डबा एक, लाडू अकरा, पैकी एक फुटका.’ डबा परत आला त्या दिवशी माझ्याकडून त्यांनी सही घेतली.

काकू हयात नव्हत्या. त्यांच्याबद्दल काका एकदाच बोलले. म्हणाले, “तिला माझं सगळं पटायचं. ती वाद घालायची नाही. फक्त पोचा चुलीत घालायची.” तेव्हा चूल नव्हती, गॅस होता, हे मी मनात म्हटलं.

ठरलेली वाक्यं बोलायची त्यांची एक पद्धत होती. कुणी ‘बहुतेक’ म्हटलं की ते विचारत, “बहुतेक म्हणजे कोणत्या कागदावर?” कुणी घाई केली की म्हणत, “घाई झाली असेल तर उद्या या.” आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी, कसलाही विषय निघाला तरी, ते एवढं म्हणतच: “माझ्या हातून आजवर एक कागद हुकलेला नाही.” हे ते बढाई म्हणून सांगत नसत. आपला रक्तगट सांगावा तसं सांगत.

इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा हे कागद अंगावर आले. पंपाच्या खोलीच्या माळ्यावर अकरा ट्रंका होत्या. त्यात सोसायटी जन्मल्यापासूनची सगळी पत्रं, सभांची इतिवृत्तं, नकाशे, पावत्या. एकदा टाकी वाहिली आणि दोन गठ्ठे भिजले. काकांनी ते गॅलरीत दोरीवर वाळत घातले, चिमट्यांनी, पान पान. त्यानंतरच्या सभेत समितीतला एक तरुण सभासद म्हणाला, “काका, सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाकू या.”

“म्हणजे कुठे?”

“म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर.”

“पत्ता सांगा. मी जाऊन बघून येतो.”

“पत्ता नसतो हो त्याला.”

“ज्याला पत्ता नाही त्याच्याकडे मी सोसायटीचं खरेदीखत ठेवू?” काका म्हणाले. “आपली ट्रंक दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवू नये. कागद इथे राहतील. कम्प्युटर आणायचा तर इथे आणा.”

सभेने माझ्याकडे पाहिलं. मी सभासद नव्हतो, कोपऱ्यात उभा होतो, पण आयटीत होतो. आयटीत म्हणजे दुसऱ्यांनी बसवलेल्या गोष्टी चालतात की नाही हे मी खराडीच्या एका ऑफिसात बसून बघत असे. स्वतः काही बसवायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. पण हे सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि घरमालकाला नाही म्हणण्याचं तर नाहीच.

एका मित्राच्या ऑफिसने काढून टाकलेला डेस्कटॉप मी मिळवला. काकांनी आधी त्याची नोंद सोसायटीच्या सामानाच्या वहीत केली आणि पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्या डोक्यावर क्रमांक रंगवला. कचेरीतल्या खुर्च्या-टेबलांवर असतो तसा. मग पंपाशेजारच्या खोलीत, मीटरच्या पेटीखाली त्याची स्थापना झाली. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं आणि लिनक्सवर कागदपत्रं सांभाळणारं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. सूचना इंग्रजीत, चौदा पानी. मी फोनवर वाचत होतो. काकांनी त्या छापून आणल्या, टाचल्या, मागेपुढे पुठ्ठा लावला आणि आवक क्रमांक दिला.

साध्या माणसाला हे काम एका रविवारचं. आम्हाला पाच रविवार लागले. कारण काका कुठलीही आज्ञा आधी वहीत लिहीत, मग टाइप करत आणि मग यंत्राने दिलेलं उत्तर पुन्हा वहीत उतरवत. वहीचे तीन रकाने होते: ‘आज्ञा’, ‘यंत्राचे म्हणणे’ आणि ‘शेरा’. एकदा यंत्राने दीडशे लहानमोठ्या गोष्टींची यादी दाखवून ‘हे सगळं बसवू का, हो की नाही’ असं विचारलं. मी एंटरकडे बोट नेलं. काकांनी माझं मनगट धरलं.

“कशाला हो म्हणताय ते वाचलंत?”

“काका, हे कुणीच वाचत नाही. मी दाबून राहिलो ना.”

“तुमच्याकडे वर्ध्याला दाबत असतील,” काका म्हणाले. “इथे वाचतात.”

दीडशे नावं त्यांनी वहीत उतरवली. अर्थ एकाचाही कळला नाही. शेरा लिहिला: ‘वाचले. समजले नाही. हो म्हटले.’

यंत्राबद्दल त्यांचं मत बदललं ते तिसऱ्या रविवारी. काकांनी आपल्या नावाने एक अशी आज्ञा दिली जी द्यायचा त्यांना अधिकार नव्हता. पडद्यावर उत्तर आलं की आपलं नाव अधिकार असलेल्यांच्या यादीत नाही, आणि या प्रकाराची खबर दिली जाईल.

काका ताठ बसले. “कुणाला देणार?”

“कुणाला नाही हो. आतल्या आत एका फाइलीत नोंद होते.”

“दाखवा.”

मी दाखवली. त्यांचं नाव, तारीख, वेळ, काय करू पाहत होते ते, सगळं एका ओळीत होतं. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

“स्वतःच्या मालकाविरुद्ध नोंद ठेवतोय हा. मालकाला न विचारता.” मग म्हणाले, “आमच्याकडे एक असा माणूस होता. त्याची बदली झाली.”

ती ओळ त्यांनी माझ्याकडून छापून घेतली आणि फाइलला लावली.

फाइल कुणी वाचायची, कुणी लिहायची, कुणी हात लावायचा नाही, हे लिनक्समध्ये आकड्यांनी ठरवतात. मला ते आकडे अजून उलटसुलट होतात. काकांना एकदा सांगितलं आणि कळलं. “मालक, गट आणि इतर,” ते म्हणाले. “तीस वर्षं दुसरं काय केलं?” त्या भरात त्यांनी स्कॅनच्या फोल्डरवर इतका कडक बंदोबस्त लावला की सॉफ्टवेअरलाच आत जाता येईना. दोन दिवस आम्ही ते बंद का पडलं म्हणून शोधत होतो.

मग चाचणीसाठी पहिला कागद स्कॅन केला. छापील मराठी पत्र होतं. यंत्राने ते वाचून जो मजकूर काढला तो म्हणजे इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. काकांनी शेरा लिहिला: ‘यंत्रास मराठी येत नाही. संबंधितांस कळवावे.’

“कोण कळवणार, काका?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. कचेरीत ‘कळवावे’ लिहिलं की खालचं टेबल कळवत असे. मी म्हटलं, “मराठीची वेगळी फाइल बसवावी लागते.”

“म्हणजे पुण्यात राहायला आल्यावर ह्याला मराठी वेगळी शिकवायची,” काका म्हणाले. “मग तुमच्याबरोबरच ह्यालाही शिकवणीला बसवा.”

मराठी बसवल्यावर यंत्र छापील आणि टाइप केलेलं बरंचसं वाचू लागलं. हाताने लिहिलेलं मात्र त्याला अजिबात वाचता येईना. आणि इतिवृत्तांच्या सगळ्या वह्या काकांच्या हस्ताक्षरात होत्या.

शेवटचा प्रश्न मुख्य पासवर्डाचा होता. ज्याच्याकडे तो, त्याला सगळं करता येतं. कागद पुसताही येतो. काका म्हणाले, असा अधिकार एका माणसाच्या हातात नको. सरकारी तिजोरीला दोन कुलुपं असतात, दोन चाव्या दोन माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. तसं करायचं. सोळा अक्षरांचा पासवर्ड. आठ अक्षरं काकांकडे, आठ सोसायटीच्या खजिनदारांकडे.

खजिनदार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. काका आणि बाई अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं होतं की काकांनी पाणीकपातीची दीड पानी सूचना फलकावर लावली होती, आणि बाईंनी जाता जाता लाल पेनने खाली लिहिलं होतं, ‘मुद्दा शेवटच्या ओळीत. दहापैकी सहा.’

“काका, दुसरं कुणी नाही का?”

“दोन चाव्या एकमेकांशी पटणाऱ्या माणसांकडे ठेवल्या तर कुलूप दोन कशाला?”

त्यामुळे पासवर्ड टाकायचा प्रसंग आला की मी आधी बाईंना वर्दी देत असे. बाई येत, दारात उभ्या राहत. काका आपली आठ अक्षरं टाइप करून उठत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. बाई बसत, एका बोटाने आपली आठ घालत. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. तरी काका भिंतीकडेच पाहत. मी तर खोलीबाहेर. चुकलं तर आतून आवाज येई, “त्यांना म्हणावं, त्यांचा अर्धा तपासा.” आणि त्यावर, “त्यांना म्हणावं, माझा बरोबर आहे.”

दोन महिन्यांत अकराही ट्रंका यंत्रात गेल्या. मी स्कॅन करायचो, काका क्रमांक घालायचे; जुना मजकूर वाचत दोघंही बसलो नाही.

याच सुमारास बिल्डरच्या माणसाने नव्या इमारतीत कुणाला काय मिळणार ती यादी आणली. सोळा घरं, सोळा नावं. जिन्यामागच्या खोलीत राहणाऱ्या मावशींचं नाव त्यात नव्हतं. मावशी लोणी काळभोरच्या. त्यांचे यजमान आमचे वॉचमन होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून जिने झाडणं, टाकी भरणं, सगळं मावशीच करत. तीस वर्षं त्या तिथे राहत होत्या. बिल्डरचा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, सोसायटीने खोली दिल्याचा कागद दाखवा, मी नकाशात धरतो. कागद नसेल तर माझ्या हातात काही नाही. महिनाअखेरीला नकाशा मंजुरीला जाणार होता.

मावशी काकांकडे आल्या. मी तिथेच होतो.

“साहेब, ह्यांनी अर्ज दिला हाय तुमच्याकडं. सभा झाली तवा. टायपिंगवाल्याकडनं करून आणला व्हता.”

“पोच आहे?” काकांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग अर्ज दिला नसेल. अर्ज आला की मी पोच देतो. अख्ख्या इमारतीला विचारा.”

अख्ख्या इमारतीत पोचा होत्याच. मावशी म्हणाल्या, “ह्ये खोटं बोलायचे न्हाईत, साहेब.” काका म्हणाले, “खोटं म्हणत नाही मी. विसरले असतील. माझ्या हातून आजवर एक कागद हुकलेला नाही.”

बाईंनी मला जिन्यात गाठून निरोप दिला, “त्यांना म्हणावं, मला अशी सभा झाल्याचं पुसटसं आठवतंय.” काकांनी उलट निरोप दिला, “पुसटसं कोणत्या कागदावर?” मावशींनी त्यानंतर आठवडाभर कुणाला काही विचारलं नाही. जिने मात्र रोजच्यासारखेच झाडलेले असत, आणि मला त्यांवरून खाली उतरताना लाज वाटे.

एका रविवारी सकाळी काकांनीच मावशींना पंपाच्या खोलीत बोलावलं. त्यांनी ठरवलं होतं की ‘शोध घेतला, कागद आढळत नाही’ असा रीतसर दाखला छापून त्यांना द्यायचा. त्यांच्या लेखी ही मावशींची मदतच होती. नसलेल्या कागदाचा का होईना, हातात एक कागद. त्यांनी शोधाच्या चौकटीत ‘जिन्यामागील खोली’ असं टाइप केलं आणि एंटर दाबला. या वेळी न वाचता.

एक कागद आला.

टाइपरायटरवर टाइप केलेला अर्ज होता. कुठल्या तरी टायपिंगवाल्याने ठोकलेला, म्हणून यंत्राला वाचता आला होता. सोसायटीच्या सभेतला ठराव क्रमांक सात, त्याप्रमाणे जिन्यामागील खोली मला व माझ्या कुटुंबाला कायम राहण्यास मिळावी, इमारत पुन्हा बांधल्यास त्यातही एक खोली मिळावी, तसं पत्र मिळावं, ही विनंती. उजव्या कोपऱ्यात कोट घातलेल्या एका तरुणाचा फोटो. कोट उसना असावा, खांद्यात मोठा होता. आणि डाव्या समासात हिरव्या शाईत शेरा: ‘फोटो दोन हवेत, एकच आहे. दुसरा आल्यावर पत्र द्यावे. तोपर्यंत पोच देऊ नये. अर्जदारास कळवावे.’ खाली काकांची सही. तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची.

मी सगळं वाचलं. मावशी दारात उभ्या होत्या, तिथून पडदा दिसत नव्हता, आणि त्यांना वाचताही येत नव्हतं. काकांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

“उद्या या,” ते मावशींना म्हणाले. मावशी गेल्या.

मग काकांनी हाताने ठरावाची जुनी वही काढली, ठराव क्रमांक सात उघडला. होता. त्यांच्याच अक्षरात, एकमताने मंजूर. यंत्राला तो वाचता आला नव्हता आणि काकांना आठवला नव्हता.

“बाईंना बोलवा,” काका म्हणाले.

बाईंची गरज एकाच गोष्टीसाठी लागे, पासवर्डाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी. मूळ कागद काकांच्या ट्रंकेत होता, किल्ली त्यांच्या कमरेला. यंत्रातली नोंद पुसली की उरला मी, आणि मी भाडेकरू. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. जिना चढताना मी स्वतःला एवढंच सांगत होतो की कदाचित मी नीट वाचलं नसेल. हे मला अजून आठवतं आणि अजून आवडत नाही.

बाई आल्या आणि सवयीने दारात थांबल्या. काका उठले, पण भिंतीकडे वळले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते थेट त्यांच्याशी बोलले.

“हा कागद पुसावा असं मला आत्ता वाटलं. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुमचा अर्धा पासवर्ड कुणाला देऊ नका. मला तर नाहीच.”

बाईंनी पुढे होऊन अर्ज वाचला. समासातला शेरा वाचला. मग काकांकडे पाहिलं. मला वाटलं आता लाल पेन निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, “या वेळी मुद्दा पहिल्या ओळीत आला तुमचा.”

काका खुर्चीत बसले. “कळवावे लिहिलं,” ते म्हणाले, आम्हा दोघांना उद्देशून किंवा कुणालाच नाही. “ऑफिसात लिहिलं की कळवायला खाली माणूस असायचा. इथे खाली कुणी नव्हतंच.”

पुढच्या सभेत त्यांनी विषयपत्रिकेवर पहिला विषय घातला तो स्वतःविरुद्धच्या नोटिशीचा. सचिवाने सचिवाला दिलेली कारणे दाखवा नोटीस, रीतसर जावक क्रमांक घालून. उभं राहून त्यांनी ती वाचली, मग खिशातून खुलासा काढून तोही वाचला. खुलासा एका ओळीचा होता: ‘खुलासा नाही.’ लोकांना हसावं की काय ते कळेना. बिल्डरचा माणूस म्हणाला, कागद मी मागितला होता खरा, पण नकाशा तयार झाला, इतक्या जुन्या ठरावावर आता तो कसा बदलायचा? बाई म्हणाल्या, “चुकलेली वही आम्ही परत करायचो. तुमचा नकाशा परत न्या.” त्याने नेला. बदलून आणलेल्या नकाशात तळमजल्याला एक खोली जास्त होती, खिडकीसकट.

आता ती इमारत उभी नाही. मी वाघोलीला राहायला गेलो. काका तात्पुरत्या भाड्याच्या घरात आहेत. डोक्यावर पांढरा क्रमांक असलेलं यंत्र त्यांच्या कॉटशेजारी चालू असतं. बाईंशी अबोला मिटला असं काही झालं नाही. तो प्रसंग सोडून ते पुन्हा माझ्यामार्फतच बोलू लागले, आणि हल्ली मी लांब असल्यामुळे फोनवरून निरोप पोचवतो.

पण मला काकांबद्दल कुणी विचारलं की सभा आठवत नाही. मला त्या रविवारनंतरचा सोमवार आठवतो. मी ऑफिसला गेलो नव्हतो. मावशी सांगितल्याप्रमाणे सकाळी आल्या. काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, तेव्हा काकाही उभेच राहिले. मूळ अर्ज टेबलावर होता. काकांनी तो त्यांना वाचून दाखवला, समासासकट.

“मंजी तवा एक फोटू कमी पडला व्हता?” मावशी म्हणाल्या.

“हो.”

“मंग सांगितलं का न्हाई?”

“सांगायचं राहिलं,” काका म्हणाले.

मला वाटलं, आता तरी ते म्हणतील की फोटोचं राहू द्या. त्यांनी तसं म्हटलं नाही. मावशी आपल्या खोलीत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्याच्या तळाशी, कागदात गुंडाळलेला, तोच फोटो होता. तोच खांद्यात मोठा कोट.

“तीन काढले व्हते. एक तुमच्याकडं, एक हाफिसात कुठं दिला, ह्यो ऱ्हायला.”

काकांनी डिंकाची बाटली काढली. पहिल्या फोटोशेजारी दुसरा चिकटवला, वर रुमालाने दाबून धरला, किती वेळ ते मी पाहिलं नाही. मग हिरवं पेन उचललं, परत ठेवलं आणि माझ्या खिशातलं निळं मागून घेतलं. जुन्या शेऱ्याखाली लिहिलं: ‘त्रुटी पूर्ण. विलंब सचिवाकडून.’ सही केली.

“झालं,” ते म्हणाले.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

“पोच द्या साहेब. मागल्या येळंला ह्यांनी घ्येतली न्हवती.”

काकांनी पाठकोरा कागद बाजूला सारला आणि कोरा घेतला. उभ्याउभ्याच लिहिलं. शिक्का तिरका बसला. त्यांनी तो तसाच राहू दिला. मावशींनी विचारलं, “काय लिवलंय?”

“फोटो दोन मिळाले. अर्ज पूर्ण आहे,” काकांनी वाचून दाखवलं.

मावशींनी चिठ्ठीची दोनदा घडी घातली आणि डब्यात, फोटो होता त्या जागी ठेवली.